विसरायला गेलतो, सगळं परत सांगायला लावले (बेळगाव टिळकवाडीतलं काऊन्सेलिंग सेंटर)

5 पैकी 4 स्टार. एक का कापलो ते खाली आहे.

दीड वर्षामागं कोल्हापूरहून येताना तवंदी घाटात ब्रेक फेल झालेला ट्रक मागनं गाडीवर आला. खांदा मोडला, तो दोन महिन्यात बरा झाला खरं एअर ब्रेकचा फुस्स आवाज आला की अजून तळहाताला घाम, ब्रेक लायनर जळल्याचा वास आला की गाडी साईडला. निपाणीला सासरवाडी, बायको सहा महिने एकटीच बसनं जायची. आईनं नारळबी उतरून टाकला.

मला वाटलेलं सेंटरवाले गोळी देतील, विसरायला होईल. मॅडम म्हणाल्या, विसरायचं नाही दादा, डोळे मिटा आणि आत्ता घडतंय असं सांगा. पहिल्या दिवशी अर्ध्यातनं उठून चहाच्या गाड्यावर जाऊन थांबलो! तेच मोबाईलवर रेकॉर्ड करून रोज घरी ऐकायचं, भीती 100 पैकी किती ते लिहायचं. सुरुवातीला 95 होती, नवव्या सेशनला 30.

हे का चालतंय ते त्यांनी मस्त सांगितलं. जुनी भीती पुसली जात नाही म्हणे, "आवाज आला तरी काही होत नाही" अशी नवीन आठवण तयार होते, आणि कपाळामागचा मेंदू ती वापरून आतल्या अमिग्डालाला (मेंदूतला भीतीचा भाग) गप्प बसवतो. दुसरी गोष्ट त्याहून भारी, 2000 साली न्यूयॉर्कला करीम नादेर आणि जोसेफ लेडू (लाडू नव्हे) यांच्या टीमनं उंदरांना आवाज आणि शॉक देऊन भीती शिकवली, मग तो आवाज परत ऐकवून लगेच अमिग्डालात प्रोटीन बनणं थांबवणारं औषध सोडलं तर भीती गेली, खरं आवाज न ऐकवता औषध दिलं किंवा 6 तासांनी दिलं तर काही फरक नाही. म्हणजे आठवण काढली की ती थोडा वेळ कच्ची होते, परत पक्की व्हायला लागते. ते औषध माणसाला चालत नाही, आणि प्रोप्रानोलॉल ही बीपीची गोळी देऊन माणसांवर प्रयोग झालेत त्यांचे निकाल एकसारखे नाहीत, त्यामुळं मला गोळीबिळी काही नाही.

तवंदीतनं दोनदा स्वतः गाडी घेऊन गेलो, खुश होतो. मग गोव्याला जाताना चोर्ला घाटात मागं ट्रक फुस्स केला आणि हात थंड. फोनवर मॅडमना सगळं फुकट गेलं म्हणालो तर त्या हसल्या, नवीन आठवण जिथं शिकलाय तिथंच जास्त चालते, जागा बदलली की जुनी डोकं वर काढते, आता चोर्ल्यातच चार फेऱ्या मारा. तीन झाल्यात.

आता कापलेला स्टार. फॉर्म फक्त कन्नड आणि इंग्लिशमधे, माझ्या आईसारख्या माणसानं काय भरायचं? 800 रुपये घेऊन पाऊण तास वेटिंग. आणि पार्किंगची बोंब आहे, गाडी लांब लावून चालत या.