घराबाहेर गाडीला कव्हर: दहा महिने वापरल्यावर

मागच्या नोव्हेंबरात साडेसहाशे रुपयांना कव्हर घेतलं. गाडी म्हणजे होंडा युनिकॉर्न मोटरसायकल, काळी, वजन 140 किलोच्या आसपास. सोसायटीत छपराखाली जागा आहे, त्यामुळे घरासाठी कव्हर नकोच होतं. घेतलं ते दोन ठिकाणांसाठी. एक चिंचवड स्टेशन. सोमवारी पहाटे गाडी उघड्या पे अँड पार्कमध्ये लावून सिंहगड एक्स्प्रेस पकडतो, मुंबईहून परत येतो बुधवारी रात्री. दुसरं ठिकाण कोकण किनाऱ्यावरचं हर्णै, मावशीचं घर. दीड-दोन महिन्यांतून ताम्हिणी घाट उतरून तिकडे फेरी होते, मुक्काम तीन-चार दिवस.

एकच कव्हर, एकच गाडी, आणि दोन्हीकडचा अनुभव अगदी उलटा आला.

स्टेशनवर पहिल्याच आठवड्यात घोळ झाला. रेल्वेची वेळ झालेली, लॉक केलं, कव्हर ओढलं आणि पळालो. बुधवारी रात्री कव्हर काढताना सायलेन्सरपाशी टरकन आवाज आला. पॉलिएस्टर वितळून नळीला चिकटलं होतं, कव्हराला तळहाताएवढं भोक. चिकटलेलं निघावं म्हणून नंतर सायलेन्सर थोडा गरम करून लाकडी उलथन्याने खरवडलं. (उलथनं घरात परत घेतलं गेलं नाही, नवीन आणावं लागलं.) तेव्हा एक साधी गोष्ट डोक्यात शिरली, जी विकत घेताना सुचली नव्हती: घराबाहेर गाडी लावतो तेव्हा ती नेहमी गरमच असते. सायलेन्सर निवायला अर्धा-पाऊण तास लागतो आणि स्टेशनवर माझ्याकडे चार मिनिटं असतात.

दुसरी अडचण पार्किंगवाल्याची. त्याला रोज नंबर बघून हिशेब लावायचा असतो. ‘साहेब, प्रत्येक गाडीचा पदर उचलून बघत बसू का?’ असं तो म्हणाला तेव्हा मला हसू आलं, पण त्याचं चुकीचं नव्हतं. जागा करायला ते लोक गाड्या सरकवतात, त्यात कव्हराचा खालचा पट्टा एकदा शेजारच्या गाडीच्या फूटरेस्टमध्ये अडकून तुटला. आणि बुधवारी रात्री धुळीने माखलेलं, पावसाळ्यात निथळणारं ते बोचकं ठेवायचं कुठे? सॅकमध्ये लॅपटॉप असतो.

चोरीबद्दल सगळे विचारतात. खरं सांगायचं तर दहा महिन्यांत गाडी चोरीला गेली नाही, पण ते श्रेय कव्हराला देता येत नाही. येणाजाणाऱ्याचा हात सीटवर, आरशावर, किक-स्टार्टवर पडायचा तो थांबला, एवढं नक्की. पण तीन दिवस जागची न हललेली झाकलेली गाडी म्हणजे मालक गावाला गेलाय, हेही कुणाला कळू शकतंच. शिवाय आत कोण काय उघडतंय ते बाहेरून दिसत नाही. डिस्क लॉक आणि साखळी मी कव्हर असो-नसो लावतोच.

आता हर्णै. इथे घाई नसते. गाडी खळ्यात लावायची, चहा घ्यायचा, आंघोळ करायची, जेवून शतपावलीला बाहेर आलं की थंड गाडीवर कव्हर घालायचं. ऊन, कावळे, सीटवर पंजे घासणारी मांजर, सगळ्याचा बंदोबस्त होतो. एप्रिलच्या उन्हात चार दिवस उभी राहूनही सीट चटका देत नव्हती. काकांचं मत मात्र पहिल्या दिवसापासून ठाम आहे: ‘आधी माडाखालून काढ हो गाडी. नारळ पडला तर तुझं कव्हर काय करणार?’

खाऱ्या हवेचा धडा मात्र उशिरा मिळाला. मला वाटायचं, झाकली म्हणजे गंजणार नाही. उलट झालं. किनाऱ्यावर फिरवून आणलेली गाडी तशीच झाकली, तर मीठ आणि दमट हवा आतच कोंडते. फेब्रुवारीत मागच्या चाकाच्या साखळीवर तांबूस थर आला. आता आधी गोड्या पाण्याने धुतो, पुसतो, साखळीला तेल देतो, मग कव्हर.

टाकीवर बारीक ओरखडेही कव्हरानेच आले. धूळ आत राहते, वाऱ्याने कापड फडफडतं, पॉलिश पेपरसारखं काम होतं. काळ्या रंगावर ते लगेच दिसतात. कोरड्या दिवसांत आईच्या जुन्या सुती साडीचा तुकडा टाकीवर टाकतो, वर कव्हर. पावसाळ्यात ही युक्ती नको, साडी ओल धरून ठेवते.

जूनमध्ये तर गाडी आडवीच झाली. साइड स्टँडवर डावीकडे कललेली, डावी बाजू समुद्राकडे. रात्री वारा सुटला, कव्हराचं शीड झालं आणि वाऱ्याने गाडी उभी करून उजवीकडे पाडली. ब्रेकचा लिव्हर वाकला, आरसा गेला. कव्हर नसतं तर वारा आरपार गेला असता. तेव्हापासून उजवी बाजू समुद्राकडे ठेवतो, म्हणजे वारा गाडीला स्टँडवरच दाबतो. पहिला गिअर टाकतो, पोटाखालचा पट्टा घट्ट आवळतो. स्टँडखाली जांभ्याची चीप, नाहीतर ओल्या मातीत तो रुततो.

पाण्यापासून बचाव म्हणाल तर पाकिटावर ‘वॉटरप्रूफ’ छापलंय, पण शिवणींना आतून टेप नाही, पहिल्या मोठ्या सरीत पाणी तिथूनच झिरपलं. आतला चंदेरी लेप मेपर्यंत पापड सुटावेत तसा सुटला. पावसात तीन दिवस झाकून ठेवल्यावर सीटवर पांढरी बुरशी आली, म्हणून कोकणातल्या पावसाळ्यात मी आता कव्हर घालतच नाही. मावशीच्या पडवीत जागा होते, नाही झाली तर गाडी भिजते आणि वाऱ्यावर सुकते.

स्टेशनसाठी ऐंशी रुपयांचं फक्त सीटचं इलास्टिकवालं कव्हर आणलंय. घालायला दहा सेकंद, सायलेन्सरला शिवत नाही, नंबर उघडा राहतो, काढून खिशात जातं. टाकीवर कावळ्यांचा प्रसाद मिळतो, तो बुधवारी रात्री बाटलीतल्या पाण्याने धुतो, घासत नाही.

मोठं कव्हर भोकाला ठिगळ लावून अजून वापरात आहे, ऑक्टोबर ते मे, फक्त हर्णैच्या फेरीत. पुन्हा घ्यायचं झालं तर टेप मारलेल्या शिवणीचं, सायलेन्सरच्या बाजूला उष्णता झेलणारा तुकडा असलेलं आणि दोन पट्ट्यांचं बघेन. रंग मळकट करडा. आताचं झगझगीत निळं आहे, काका त्याला मांडव म्हणतात.