फॅमिली लिंक, नऊ महिने आणि सासूबाईंचा फोन

जूनमध्ये शाळा उघडल्या त्या आठवड्यात थोरलीच्या फोनवर गूगलचं फॅमिली लिंक टाकलं, म्हणजे मुलांच्या फोनवर पालकांना वेळ ठरवता येते, लक्ष ठेवता येतं ते अ‍ॅप. आता मार्च संपत आला. पहिल्या आठ दिवसांत लिहायला बसले असते तर डोळे मिटून पाच स्टार दिले असते. दिवाळीच्या सुट्टीनंतर लिहायच्या मनःस्थितीतच नव्हते. आज साडेतीन देतेय.

आम्ही कराडचे. मी पतसंस्थेत काउंटरला, यांचं खत-बियाण्यांचं दुकान. थोरली सातवीत, धाकटा चौथीत, सासूबाई सत्तरीच्या. घरात फोन चार. हा आकडा लक्षात असू द्या, पुढे लागेल.

थोरलीला फोन द्यायचा विचार नव्हता. पण ट्यूशन सुटायला साडेसात होतात, पावसाळ्यात अंधार पडतो, म्हणून यांचा जुना फोन पुसूनबिसून तिला दिला. बसवताना पहिली चूक तिथंच सापडली. लॉकडाउनमध्ये ऑनलाइन शाळेसाठी तिचं जीमेल काढलं होतं, तेव्हा घाईत जन्मसाल माझंच टाकलं होतं. म्हणजे गूगलच्या लेखी माझी लेक चाळिशीची. त्या खात्यावर मुलांसाठीचे नियम काय डोंबल लागणार! तुमच्याकडेही असंच झालं असेल, त्या काळात सगळ्यांनी हेच केलंय. आधी ते बघा. आम्ही खरी जन्मतारीख टाकून नवं खातं काढलं, फोन फॅक्टरी रीसेट केला आणि नव्या खात्याने चालू केला. तेरा वर्षांखालच्या मुलाचं खातं पालकाच्या खात्याला जोडूनच निघतं, त्यामुळे वेगळं काही करावं लागलं नाही. माझ्या फोनवर अ‍ॅप, तिच्या फोनवर माझा पासवर्ड, पाऊण तासात काम झालं. पैसे लागत नाहीत. पालकाकडे आयफोन असला तरी चालतो, मुलाचा मात्र अँड्रॉइड हवा.

आता वेळेचं. अ‍ॅप घ्यावं ते खरं यासाठीच.

शाळेच्या दिवशी एक तास, रविवारी दोन तास, रात्री साडेआठला फोन बंद ते सकाळी सातपर्यंत. पहिले चार दिवस आदळआपट झाली. पाचव्या दिवसापासून जे झालं त्याची मला कल्पना नव्हती. आधी रोज रात्री मी "ठेव तो फोन" म्हणायची, ती "पाच मिनिटं" म्हणायची, मी आवाज चढवायची, सासूबाई मध्ये पडायच्या, जेवणं थंड व्हायची. आता फोन आपला आपण बंद होतो. भांडायचं कुणाशी? ती फोनवर चिडते, माझ्यावर नाही. मी उलट देणारी झाले. "आई, चित्र अर्धं राहिलंय, पंधरा मिनिटं दे ना" म्हणाली की काउंटरवर बसल्या-बसल्या पंधरा मिनिटं वाढवून देता येतात. वाईटपणा यंत्राने घेतला आणि चांगुलपणा माझ्याकडे राहिला. सासुरवाशिणीला एवढी चैन क्वचितच मिळते.

एक खोच आहे. वेळ संपून फोन बंद झाला की आलेला कॉल उचलता येतो, पण आपण होऊन लावायचा तर अडतं. ज्या ट्यूशनसाठी फोन दिला तिथेच हे अडायचं. उपाय सोपा: कॉलचं अ‍ॅप 'नेहमी चालू' असणाऱ्यांच्या यादीत टाकायचं. मी ते जुलैत शोधलं, तुम्ही पहिल्याच दिवशी करा. नेट नसताना फोन उघडायची वेळ आली तर तुमच्या अ‍ॅपमध्ये एक बदलता कोड दिसतो, तो तिच्या फोनवर घातला की झालं. गावाकडे रेंज नसते तिथे उपयोगी पडतो.

कुठलंही अ‍ॅप घ्यायचं तर माझी परवानगी लागते. सुरुवातीला मी गेमच्या खाली लिहिलेलं वय बघून हो-नाही करायची. ३ वर्षांवरील, ७ वर्षांवरील, १२ वर्षांवरील असं लिहिलेलं असतं. फार उशिरा डोक्यात शिरलं की ते वय खेळातल्या चित्रांचं आहे, मारामारी किती, रक्त किती याचं. आत जी माणसं बोलतात त्यांचं नाही. गेम सात वर्षांच्या पोराला चालेल असा असतो आणि त्यातल्या व्हॉइस चॅटवर शिव्या अस्सल आपल्याकडच्या असतात. आता मी गेम आधी स्वतः अर्धा तास खेळते. चॅट बंद करता येत असेल तर परवानगी, नसेल तर नाही. ऑफिसात सगळ्यांना वाटतं मला नाद लागलाय.

कुठल्या अ‍ॅपवर किती मिनिटं गेली ते दिसतं. ट्यूशनचं अ‍ॅप, ज्यासाठी फोन 'हवाच' होता, ते आठवड्यात अकरा मिनिटं. पुढचं सांगत नाही. मेसेजमध्ये काय लिहिलंय ते हे अ‍ॅप दाखवत नाही. काही पालकांना ही उणीव वाटते, मला नाही. आमच्या वेळी वहीत लपवलेली चिठ्ठी आईला सापडली की घरात काय व्हायचं ते मला आठवतं.

लोकेशन दिसतं. पावसाळ्यात दोनदा उपयोग झाला. नंतर मी दिवसातून दहादा बघायला लागले, ठिपका हलला नाही तरी काळजी, हलला तरी काळजी. आता ट्यूशन सुटायच्या वेळेशिवाय उघडायचं नाही असं ठरवलंय, आणि तिला ते माहीत आहे. क्रोममध्ये नको त्या साइट अडवायची सोय आहे, ठरावीक साइटच उघडतील असंही करता येतं. पण ती चाळणी क्रोमपुरती. दुसऱ्या एखाद्या अ‍ॅपच्या आत जे पान उघडतं तिथे ती नसते.

इथपर्यंत वाचून वाटेल की झालं, मुलं सुरक्षित. मलाही वाटलं होतं.

फोन चार, आणि पहारा एकावर. फॅमिली लिंक ज्या जगासाठी बनवलंय तिथे बहुधा प्रत्येक पोराचा स्वतंत्र फोन असतो. आपल्याकडे फोन घराचा असतो. धाकट्याला स्वतःचा फोन नाही. ताईच्या फोनवर त्याला रविवारी वाटणी मिळायची, ती वेळ संपली की तो गुपचूप आजीच्या कुशीत. आजीचा फोन पुण्याच्या नणंदेने अभंग ऐकायला आणि व्हिडिओ कॉलला पाठवलेला. त्याला ना लॉक, ना मर्यादा.

दिवाळीच्या सुट्टीत त्याने त्यावर एक गेम घेतला. त्यात एक 'दादा' भेटला. आम्ही मुलांना अनोळखी माणसांबद्दल सांगितलं नव्हतं असं नाही, पण आमच्या सांगण्यातला अनोळखी माणूस हिंदी नाहीतर इंग्रजी बोलणारा होता. हा "भावा" म्हणायचा, ऊसतोड कधी सुरू होणार ते विचारायचा. पोराच्या हिशेबात तो आपल्यातलाच. गेममध्ये लागणारे डायमंड फुकट देतो म्हणाला, त्यासाठी फोन नंबर मागितला. याने आजीचा दिला. मग, "एक सहा आकडी कोड येईल, तो सांग." आला, सांगितला. तो कोड व्हॉट्सअ‍ॅपचा होता. कुणाला देऊ नका असं त्याच मेसेजात लिहिलेलं असतं, पण नऊ वर्षांचं पोर डायमंडसमोर ते वाचत बसत नाही.

अर्ध्या तासात सासूबाईंचं व्हॉट्सअ‍ॅप त्यांच्या फोनवरून गेलं, आणि भजनी मंडळाच्या ग्रुपवर त्यांच्याच नावाने मेसेज: दवाखान्यात आहे, तातडीने ५,००० पाठवा. एका काकूंच्या मुलाने २,००० पाठवलेही. बाकीच्यांनी घरी फोन केले म्हणून कळलं. संध्याकाळीच त्या मुलाला १९३० ला, म्हणजे ऑनलाइन फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन लावायला सांगितला. ज्याच्या खात्यातून पैसे गेले त्यानेच बोललेलं बरं, व्यवहाराचा नंबर त्याच्याकडे असतो, आणि जितकं लवकर तितकं ते पैसे पुढे सरकण्याआधी अडवता येण्याची शक्यता जास्त. तक्रारीचा नंबर मिळाला. २,००० आम्ही काकूंना दुसऱ्या दिवशी नेऊन दिले.

व्हॉट्सअ‍ॅप परत मिळवायचं ते असं: त्याच नंबरने पुन्हा चालू करायचं, एसएमएसने आलेला कोड टाकायचा, की समोरचा आपोआप बाहेर पडतो. पण त्याने आत शिरल्यावर स्वतःचा पिन लावून ठेवला होता. तो पिन माहीत नसेल तर सात दिवस थांबावं लागतं. सात दिवस सासूबाईंचा 'शुभ सकाळ' कुणाला गेला नाही. चौथ्या दिवशी मंडळातल्या दोघीजणी तब्येत विचारायला घरी आल्या, दवाखान्याचं खरंच आहे की काय म्हणून.

पण मला लागलं ते वेगळंच. दोन दिवस आम्हाला कळतच नव्हतं की हे झालं कसं. हे म्हणत होते व्हायरस, मी म्हणत होते मंडळातल्या कुणीतरी लिंक पाठवली असणार. धाकटा गप्प. जेवत नव्हता, आम्हाला वाटलं फराळाने पोट बिघडलंय. तिसऱ्या दिवशी सासूबाईंजवळ रडला. मी विचारलं, लगेच का नाही सांगितलंस? म्हणाला, "सांगितलं असतं तर तू फोन काढून घेतला असतास."

जूनमध्ये मीच म्हटलं होतं, काही वेडंवाकडं केलंत तर फोन कायमचा कपाटात. तोच शब्द त्याने धरला. पहिल्या दहा मिनिटांत सांगितलं असतं तर २,००० गेलेच नसते. आता नियम उलटा केलाय: येऊन सांगितलं तर फोन जाणार नाही, लपवलं तर जाईल. जानेवारीत थोरलीने एका अनोळखी खात्यावरून आलेला मेसेज आपण होऊन दाखवला. काही विशेष नव्हतं, फोटो मागत होता. ब्लॉक केलं, स्क्रीनशॉट ठेवला, आणि तिचा एक तास तसाच राहिला. मला तिच्यापेक्षा जास्त धडधडत होतं, पण तोंडावर दाखवलं नाही.

मेसेज याहून वाईट असते, धमकी वगैरे असती, तर काय करायचं तेही तेव्हाच विचारून घेतलं. चॅट पुसायचं नाही, पैसे द्यायचे नाहीत, पोराचा कसलाही तसला फोटो 'पुरावा' म्हणून नातेवाइकांना पुढे पाठवायचा नाही, कारण तो पाठवणंही गुन्ह्यात बसतं. १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे. सरकारच्या सायबर क्राइम पोर्टलवर महिला आणि मुलांसाठी वेगळा भाग आहे, मुलांच्या अश्लील चित्रांची तक्रार तिथे नाव न सांगताही करता येते.

सासूबाईंच्या फोनवर फॅमिली लिंक लावण्यात अर्थ नव्हता, तो फोन मोठ्या माणसाचा. तिथे फोनमध्ये आधीपासून असलेल्या गोष्टीच कामाला आल्या. स्क्रीन लॉक, अर्थातच. प्ले स्टोअरला पिन, म्हणजे मोठ्यांचे गेम घेता येत नाहीत. सुरक्षेच्या सेटिंगमध्ये अ‍ॅप पिन करायची सोय असते: एक अ‍ॅप उघडून पिन केलं की लॉक घातल्याशिवाय त्यातून बाहेरच पडता येत नाही. धाकट्याला गाणी लावून द्यायची तर आता अशी. व्हॉट्सअ‍ॅपला टू-स्टेप पिन, म्हणजे एसएमएसच्या कोडखेरीज आपण ठरवलेला वेगळा पिन; तो आधी लावला असता तर नुसत्या कोडने काही झालं नसतं. ग्रुपमध्ये कोण घालू शकतं तिथे 'माझे संपर्क', आणि अनोळखी कॉल गप्प. सगळं मिळून वीस मिनिटांचं काम, जे मी जूनमध्ये केलं नाही कारण मी थोरलीच्या फोनकडे बघत बसले होते.

टीव्हीचं भोक अजून उघडंच आहे. त्यावर यूट्यूब यांच्या खात्याने चालतं, आणि हे रात्री काय बघतात त्यावर सकाळी मुलांना काय दिसणार ते ठरतं. कीटकनाशकांची माहिती आणि कुस्त्या. तूर्त एवढ्यावर निभावतंय.

इथून जवळच कडेगाव तालुक्यात मोहित्यांचं वडगाव आहे. तिथे २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजतो, सगळं गाव टीव्ही-मोबाइल बंद करतं, साडेआठला परत भोंगा. आम्ही घरापुरतं ते करून पाहिलं. भोंगा नाही, दिवेलागण. सासूबाईंनी देवापुढे दिवा लावला की चारही फोन पितळेच्या डब्यात. मुलं आठवड्यात रुळली. यांचं मात्र "गिऱ्हाइकाचा फोन येईल" अजून संपलेलं नाही. धाकट्याने एकदा विचारलं, बाबांच्या फोनला ते अ‍ॅप बसतं का? मी म्हटलं, कंपनीला कळवते.

एक शंका राहतेच. पोर कधी कुठे असतं, काय वापरतं, हे सगळं मला दिसतं त्याआधी कंपनीला दिसतं. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालचं प्रत्येक जण मूल धरलंय, आणि त्याची माहिती घ्यायची तर पालकाची संमती घ्यावी असं त्यात लिहिलंय. ती संमती मी दिलीच की, 'सहमत आहे'वर बोट ठेवून, न वाचता. कुंपण घालायला गेलो आणि कुंपणवाल्याला शेत दाखवलं.

मग घ्यावं का? मूल सहा ते बारा वर्षांचं आणि त्याचा स्वतंत्र फोन असेल तर घ्याच, वेळेच्या भांडणाला याच्यासारखा उतारा मला दुसरा दिसला नाही. फोन एकच आणि सगळ्यांचा असेल तर याच्या वाटेला जाऊ नका, वर सांगितलेली वीस मिनिटं द्या. दीड स्टार कापला तो चार फोनांच्या घरात एकाच फोनवर जीव लावतं म्हणून.

सासूबाईंचं व्हॉट्सअ‍ॅप आता ठणठणीत आहे. ते अधूनमधून तो टू-स्टेप पिन विचारतं, म्हणून त्यांना म्हटलं, मला सांगून ठेवा, विसरलात तर पंचाईत. नाही म्हणाल्या. कुणालाही सांगायचा नाही असं तूच बजावलंस ना! विठ्ठलाच्या तसबिरीमागे लिहून ठेवलाय एवढंच सांगितलं. पूजेचं ताम्हण घासून द्यायचं काम सध्या धाकट्याकडे आहे.