सांगलीत घर: गावभाग, शामरावनगर की विश्रामबाग?

जत-आटपाडीकडची माणसं सांगलीत घर बघतात ती मुलांच्या शिक्षणासाठी, कुपवाड एमआयडीसीतल्या नोकरीसाठी, नाहीतर मिरजेचे दवाखाने जवळ पडावेत म्हणून. एजंट मात्र सगळ्यांना याच तीन भागांत फिरवतो.

गावभागात पेठ आणि गणपती मंदिर चालत जाण्याच्या अंतरावर. पेठेत दुकान असेल तर दुसरीकडे करमणारच नाही. पण आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोका पातळी ४५ फूट, आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं. २०२१ ला पुन्हा पन्नाशी ओलांडली. तिथं घर बघताना भिंतीच्या नव्या रंगाला भुलू नका, विजेचं मीटर बघा. ते जिन्यावर उंच नेऊन बसवलं असेल, तर पाणी कुठवर येतं हे मालकाला पक्कं ठाऊक आहे.

शामरावनगरची भुरळ पडते ती स्वतःच्या जमिनीमुळं. दोन गुंठे, म्हणजे २१७८ चौरस फूट! शेताचे तुकडे पाडून विकले, रस्ता-गटार नंतर बघू म्हणत. (नंतर म्हणजे कधी, हे विचारायचं नसतं.) भाग सखल, माती काळी. नदी पात्रात असली तरी पावसाचं पाणी दारात तुंबतं. पाया खोल घ्यायचा, वर भराव टाकायचा. मागाहून बांधणारा शेजारी आणखी फूटभर भराव टाकतो आणि त्याचं पाणी तुमच्या अंगणात येतं. २००१ च्या गुंठेवारी कायद्यानं प्लॉट नियमित करून घेता येतो, पण ते प्रमाणपत्र नसेल तर बँक कर्जाला का-कू करते. सगळा हिशेब मांडला की स्वस्ताई फारशी उरत नाही.

विश्रामबाग तुलनेनं उंचावर. विलिंग्डन, वालचंद कॉलेज जवळ, रेल्वे स्टेशनही आहे. दर चढे, मिरज रस्त्यावर संध्याकाळी गाड्यांची रांग. नोकरी एमआयडीसीत असेल तर कुपवाडही बघा.

माझं मत विचाराल तर दोन गुंठ्यांचा मोह सोडून विश्रामबागला वन-बीएचके घ्या. कुठंही घ्या, पण विसार देण्याआधी महापालिकेच्या नगररचना विभागात सर्व्हे नंबर पूररेषेच्या नकाशावर तपासा. निळ्या रेषेच्या आत, म्हणजे नदीलगतच्या सर्वांत धोक्याच्या पट्ट्यात निघाला तर व्यवहार तिथंच थांबवा. निळी रेषा आणि तिच्या बाहेरची लाल रेषा यांच्या मध्ये असेल तर बांधकामाला अटी लागतात, त्या लेखी मागून घ्या.