हवा मोजायचं मीटर: कोल्हापूरच्या फुलेवाडीतल्या घरात आठ महिने वापरल्यावर

गेल्या नोव्हेंबरात साडेआठ हजारांना हे मीटर घेतलं. कारण आत्यांचा, म्हणजे सासूबाईंचा, खोकला. दिवसभर बऱ्या असायच्या आणि पहाटे चारला उबळ सुरू. डॉक्टरांनी दम्याचा पंप दिला होता. घरात धूर कुठून येतो तेही बघा म्हणाले. आम्ही म्हटलं, घर मोठ्या रस्त्यापासून आत, मागं ऊस, नदीकडून वारं. इथं कसला धूर?

पहिल्याच आठवड्यात तो समज गेला. मीटरवर दोन आकडे महत्त्वाचे. एक पीएम २.५, म्हणजे अडीच मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कण, जे फुप्फुसात खोलवर जातात. बाहेरच्या हवेसाठी आपल्या देशाची चोवीस तासांची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये सांगितलेली १५. आमच्याकडं तांबड्या रश्श्याची फोडणी बसली की आकडा २०० च्या वर, तोही चिमणी चालू असताना! दोन रविवार असंच झाल्यावर हे शिडी लावून वर चढले. चिमणीचा पाइप बाहेर गेलेलाच नव्हता. बसवणाऱ्यानं तो फॉल्स सीलिंगच्या वर तसाच सोडून दिला होता. चार वर्षं आमचाच धूर आमच्याच घरात फिरत होता. भिंतीला भोक पाडून पाइप बाहेर काढला. आता फोडणीला ७०-८० होतो आणि पंधरा मिनिटांत उतरतो. मीटरचे पैसे इथंच वसूल झाले असं मी मानते.

दुसरा आकडा कार्बन डायऑक्साइडचा. मोकळ्या हवेत तो साधारण ४२० पीपीएम असतो, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग. थंडी म्हणून दार-खिडकी लावून आम्ही तिघं झोपायचो, सकाळी २,३०० दिसायचा. एवढ्यानं कुणी दगावत नाही, पण खोलीतली हवा रात्रभर बदललेलीच नाही, एवढं त्यावरून कळतं. सकाळी डोकं जड का असायचं, ते मला तेव्हा उमगलं. खिडकी चार बोटं उघडी ठेवली आणि दार लोटून ठेवलं, तर ९०० च्या आसपास राहतो.

पण खिडकी उघडली की झालं, असंही नाही, आणि इथंच आम्ही फसलो होतो. गळीत हंगामात ऊस गेला की मागच्या रानात संध्याकाळी पाचट पेटवतात. गच्चीवरच्या कपड्यांवर काळी काजळी पडते, हे कोल्हापुरात कुणाला सांगायला नको. हिवाळ्यात रात्री थंड हवा जमिनीलगत बसून राहते, धूर वर जात नाही. पाचट पेटलेल्या रात्रीनंतर पहाटे गॅलरीतच पीएम २.५ चा आकडा १५० च्या पुढं बघितलाय. आत्यांची उबळही नेमकी त्याच वेळची, आणि मोकळी हवा मिळावी म्हणून त्यांची खिडकी आम्हीच उघडी ठेवत होतो. तेव्हापासून हंगामात खिडक्या फक्त दिवसा, अकरा ते चार उघड्या. रात्री आत्यांच्या खोलीत हेपा फिल्टरचं, म्हणजे बारीक कण अडवणाऱ्या जाळीचं, एअर प्युरिफायर चालतं आणि हॉलकडचं दार उघडं असतं, कारण प्युरिफायर कण पकडतं, कार्बन डायऑक्साइड कमी करत नाही.

देवघरातला धूप बंद करा असं आत्यांना म्हणायची माझी हिंमत नव्हती. मीटर फक्त तिथं नेऊन ठेवलं. आकडा चढताना बघून त्याच म्हणाल्या, "गॅलरीत लावूया की गं, देवाला तिथनंबी पोचतोय." डासांची कॉइल बंद केली, मच्छरदाणी आणली. एप्रिलात वर्षाच्या चटणीच्या मिरच्या गच्चीवर शेगडी मांडून भाजल्या. गेल्या वर्षी घरात भाजल्या होत्या तेव्हा तिखट धुराची खाट उठून आत्या शेजारी जाऊन बसल्या होत्या.

खोकला गेला नाही, पंप चालू आहे. पण रोजची पहाटेची उबळ आता आठवड्यातून एखाद्या वेळी येते.

पावसाळ्यात मात्र मीटरवर डोळे झाकून विसंबू नका. आत्ता जुलैत आर्द्रता ८८ टक्के आहे. आतला लेझर हवेतले पाण्याचे थेंबही कण म्हणून मोजतो आणि आकडा फुगतो. मला आर्द्रतेचा आकडाच जास्त उपयोगी पडला. त्यामुळं कपाट ओढून बघितलं, मागं भिंतभर बुरशी. आता कपाट भिंतीपासून वीतभर पुढं आहे आणि ओले कपडे झोपायच्या खोलीत वाळत घालत नाही. घेणार असाल तर कार्बन डायऑक्साइडसाठी एनडीआयआर, म्हणजे इन्फ्रारेड प्रकाशानं तोच वायू थेट मोजणारा, सेन्सर आहे का विचारा. काही स्वस्त मीटर दुसऱ्या वायूंवरून अंदाज दाखवतात. महिन्यातून एकदा उघड्यावर नेऊन बाहेरचा आकडा ४२० च्या जवळ येतो का बघते. बॅटरी सहा तासही पुरत नाही, वायर लावूनच ठेवावं लागतं.

एक गोष्ट कळवळून सांगते. हे मीटर कार्बन मोनॉक्साइड मोजत नाही. त्याला वास नसतो, रंग नसतो, आणि बंद बाथरूममधल्या गॅस गीझरनं माणसं गेली आहेत. हिरवा दिवा बघून निर्धास्त राहू नका. आमचा गीझर बाथरूममध्येच होता. मागच्या महिन्यात तो काढून बाहेर, जाळीच्या ड्राय बाल्कनीत बसवून घेतला.