काळ्या दगडावरची रेघ? वैज्ञानिक सिद्धान्तांवरील नाशिकच्या एका अभ्यासवर्गाचे परीक्षण

वैज्ञानिक सिद्धान्त कधी काळी अंतिम सत्य ठरू शकतो का, या एकाच प्रश्नाभोवती एक संपूर्ण अभ्यासवर्ग उभा करण्याचे धाडस नाशिकमध्ये कोणीतरी केले, याचे मला मनापासून समाधान आहे. गंगापूर रोडवरील एका छोट्या सभागृहात रविवारी सकाळी भरणाऱ्या या वर्गाला महाविद्यालयीन विद्यार्थी, निवृत्त शिक्षक, सातपूर-अंबडच्या कारखान्यांतील अभियंते आणि दिंडोरी-निफाडकडील काही द्राक्ष बागायतदार असा संमिश्र श्रोतृवर्ग असतो. गणिताची पूर्वअट नाही, शुल्क माफक आहे आणि शिकवणारे प्राध्यापक भौतिकशास्त्र मराठीतून इतक्या सहजतेने मांडतात की ऐकणाऱ्याला कोठेही अडखळल्यासारखे होत नाही. वर्ग अवश्य करावा, असेच माझे मत आहे. मात्र त्याच्या मधल्या भागात एक गंभीर उणीव आहे आणि ती विषयाच्या गाभ्याशी संबंधित असल्यामुळे तिच्याविषयी सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते.

सुरुवातीच्या सत्रांतील नेपच्यून आणि व्हल्कन यांची जोडकथा हा या वर्गाचा सर्वांत सुंदर भाग होय. युरेनसची प्रत्यक्ष गती न्यूटनच्या नियमांनी वर्तवलेल्या गतीशी जुळत नव्हती. तेव्हा नियमांवर शंका घेण्याऐवजी फ्रेंच गणितज्ञ ल व्हेरिए यांनी पलीकडे एखादा अज्ञात ग्रह असावा असे मानले, त्याची जागा कागदावर गणित करून काढली आणि ती बर्लिनच्या वेधशाळेला कळवली. पत्र मिळाले त्याच रात्री, २३ सप्टेंबर १८४६ रोजी, तेथील ज्योतिर्विद गाले यांना त्या जागेपासून एका अंशाच्या आत नेपच्यून सापडला. पुढे बुधाच्या कक्षेतही अशीच विसंगती आढळली. सूर्याला सर्वांत जवळ असणारा तिच्यावरील बिंदू अपेक्षेपेक्षा किंचित जास्त वेगाने सरकत होता आणि हा जादा सरक आजच्या मापनानुसार शतकामागे जेमतेम ४३ विकलांचा आहे. एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग. ल व्हेरिए यांनी १८५९ मध्ये पुन्हा तोच मार्ग धरला, सूर्याजवळ आणखी एखादा ग्रह किंवा लहान पिंडांचा समूह असावा असे सुचवले आणि ज्योतिर्विदांनी या कल्पित ग्रहाला व्हल्कन हे नाव देऊन अनेक ग्रहणांच्या वेळी त्याचा शोध घेतला. तो सापडला नाही, कारण तो नव्हताच. या वेळी दोष न्यूटनच्या सिद्धान्ताकडेच होता आणि तो नोव्हेंबर १९१५ मध्ये आइन्स्टाइन यांनी व्यापक सापेक्षता या आपल्या गुरुत्वाच्या नव्या सिद्धान्तातून दाखवून दिला.

तीच विचारपद्धती, तोच गणितज्ञ, पहिल्यांदा देदीप्यमान यश आणि दुसऱ्यांदा अपयश. एखादी विसंगती नवा ग्रह दाखवत आहे की सिद्धान्ताची मर्यादा, हे त्या क्षणी ओळखण्याचा हमखास उपाय कोणाकडेच नसतो, ही गोष्ट प्राध्यापकांनी फळ्यावर दोन्ही कक्षा शेजारी शेजारी काढून ज्या संयमाने उलगडली, तो संयम मला पाठ्यपुस्तकांत क्वचितच आढळला आहे. तत्त्वज्ञ कार्ल पॉपर यांनी १९३४ मध्ये मांडलेली कसोटी, म्हणजे सिद्धान्त सिद्ध करता येत नाही पण खोटा पाडता येतो, ही त्यानंतर आपोआप समजते आणि ती प्रत्यक्षात वापरणे किती अवघड असते हेही कळते.

यानंतरची सत्रे मात्र एकाच दिशेने वाहत जातात. ग्रहांच्या गतीसाठी टॉलेमींनी मानलेले वर्तुळांवरचे वर्तुळ गेले, जळताना बाहेर पडतो असा मानलेला फ्लॉजिस्टन गेला, उष्णतेचा द्रव मानला जाणारा कॅलॉरिक गेला, प्रकाशासाठी कल्पिलेला ईथर गेला, आणि म्हणून आजचे सिद्धान्तही उद्या जातील, असा हा युक्तिवाद आहे. तत्त्वज्ञानात त्याला मोठी परंपरा असून लॅरी लॉडन यांनी १९८१ मध्ये तो फार धारदार रीतीने मांडला होता. त्यामुळे तो शिकवू नये असे कोणी म्हणणार नाही. परंतु तो एकटाच शिकवला की श्रोत्याच्या मनात भलतेच काही रुजते. एका बागायतदाराने विचारले, ‘सर, मग डावणीवर आम्ही बोर्डो मारतो, त्यामागचं शास्त्रही उद्या खोटं ठरणार का?’ त्यावर ‘तत्त्वतः होय’ एवढेच उत्तर मिळाले आणि चर्चा पुढे सरकली.

या प्रश्नाचे खरे उत्तर त्याच्या बागेतच होते. द्राक्षावरील डावणी या रोगाचा जीव दीर्घकाळ बुरशी मानला जात होता आणि आपण बोलताना आजही त्याला बुरशीच म्हणतो. परंतु आधुनिक वर्गीकरणात तो खऱ्या बुरशींपासून वेगळा काढला गेला असून त्याचे नाते तपकिरी शैवालांच्या कुळाशी अधिक जवळचे मानले जाते. म्हणजे सिद्धान्त खरोखरच बदलला. तरीही बोर्डो, म्हणजे मोरचूद आणि चुना यांचे मिश्रण, ज्याचा उपयोग फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ मिलार्दे यांनी १८८५ मध्ये प्रसिद्ध केला, ते या बदलाने निरुपयोगी झाले नाही. तांबे त्या जिवाचे बीजाणू आजही मारते. उलट भुरी या द्राक्षावरील दुसऱ्या रोगावर लागू पडणारी काही औषधे डावणीवर का चालत नाहीत, याचा उलगडा नव्या समजुतीने झाला: भुरी ही खरी बुरशी आहे आणि ती औषधे ज्या घटकाची निर्मिती रोखतात, तो घटक डावणीचा जीव तयारच करत नाही. जुन्या सिद्धान्ताच्या पदरी असलेले यश नव्याने सांभाळले आणि त्यात भर घातली.

हीच गोष्ट भौतिकशास्त्रातही दाखवता आली असती आणि ती न दाखवणे हीच या वर्गाची मुख्य उणीव आहे. फ्रेंच अभियंता कार्नो यांनी १८२४ मध्ये उष्मायंत्राच्या कमाल कार्यक्षमतेचा निष्कर्ष कॅलॉरिक गृहीत धरून काढला. कॅलॉरिक गेला, निष्कर्ष टिकला. फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ फ्रेनेल यांची प्रकाशाच्या परावर्तनाची सूत्रे ईथरच्या कल्पनेतून आली आणि ईथर सोडून दिल्यावरही ती जशीच्या तशी वापरात राहिली. न्यूटनचे नियमही दैनंदिन वेगांना आणि साध्या गुरुत्वाला आजही पुरेसे आहेत. जीपीएस उपग्रहांवरील घड्याळे जमिनीवरच्या घड्याळांच्या तुलनेत दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जाऊ पाहतात, तेथे मात्र सापेक्षतेशिवाय भागत नाही. म्हणून अंतिम नसणे आणि कच्चे असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असे मी आग्रहाने म्हणेन. व्यापक सापेक्षता आणि पुंज यामिकी (अणूंच्या पातळीवरील भौतिकशास्त्र) यांचा पूर्ण मेळ आजवर बसलेला नसल्यामुळे, आजच्या रूपात त्या दोन्ही अंतिम असणे शक्य दिसत नाही, हे मला मान्य आहे. परंतु त्यांची जागा घेणाऱ्या सिद्धान्ताला नेपच्यून, बुध आणि ती घड्याळे या सर्वांचा हिशेब द्यावाच लागेल.

सुदैवाने शेवटचे सत्र ही उणीव बऱ्याच अंशी भरून काढते. त्या दिवशी प्रत्येकाच्या हातात नाशिक परिसरातील बेसाल्टचा एक तुकडा आणि एक भिंग देण्यात आले. माझ्या वाट्याला आलेला काळा, जड तुकडा बारीक छिद्रांनी भरलेला होता. भिंगातून पाहिल्यावर काही छिद्रे एकाच दिशेला लांबट ओढली गेलेली दिसत होती आणि एकदोन पोकळ्यांत झिओलाइट या खनिजाचे पांढरे, चमकदार स्फटिक वाढले होते. वाहत्या लाव्ह्यात अडकलेले वायूचे बुडबुडे असे ताणले जातात आणि पुढे त्या पोकळ्यांत खनिजे साचतात. अठराव्या शतकाच्या अखेरीस मात्र जर्मनीतील वर्नर यांच्यासारखे थोर भूशास्त्रज्ञ बेसाल्ट समुद्राच्या पाण्यातून साचला असे शिकवत होते. फ्रान्समधील ओव्हेर्न्यचे विझलेले ज्वालामुखी प्रत्यक्ष पाहून त्यांच्याच काही शिष्यांनी मत बदलले, आणि जेम्स हॉल यांनी एडिंबरोत असाच खडक भट्टीत वितळवून दाखवले की तो झटकन थंड केल्यास काच बनते, सावकाश थंड केल्यास पुन्हा दगड.

बेसाल्ट हा थिजलेला लाव्हा आहे, हे विधान आता कोणत्या पुराव्याने उलटेल, याची मला कल्पनाही करता येत नाही. दख्खनच्या मुख्य उद्रेकाचा काळ सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा आहे, हे किरणोत्सर्गी कालमापनाच्या स्वतंत्र पद्धतींनी सांगितले असून त्यात बदल झाला तर तो दशांशानंतरच्या अंकांचा असेल. हा लाव्हा हिंदी महासागरातील रियुनियन बेटाखालील तप्त स्तंभातून आला, हे बहुतेकांना पटलेले असले तरी त्या स्तंभाच्या स्वरूपावर वाद आहेत. डायनोसॉरच्या विनाशात मेक्सिकोतील चिक्शुलूबच्या उल्काघाताचा वाटा किती आणि आपल्या या दगडाचा किती, हा प्रश्न तर उघडाच आहे. एकाच दगडाविषयीची ही विधाने एकाच मापाने ‘तात्पुरती’ म्हणता येत नाहीत. प्राध्यापकांनी ती इतक्या स्पष्टपणे वेगळी केली की आधीच्या सत्रांत त्यांनी हात का आखडता घेतला, याचे मला नवल वाटले.

व्यवस्थेविषयी थोडक्यात सांगायचे तर, ध्वनिक्षेपकाचा आवाज मागच्या रांगांत घुमतो, त्यामुळे पुढे बसावे. वाटलेली टिपणे सुबक असली तरी त्यांत आकृत्या नाहीत, म्हणून फळ्यावरील आकृत्या वहीत उतरवून घ्याव्यात. वर्ग पुन्हा भरणार असल्याचे आयोजकांनी सांगितले आहे. त्या वेळी बेसाल्टचे सत्र टाकून दिलेल्या सिद्धान्तांच्या यादीआधी घ्यावे आणि कार्नो व फ्रेनेल यांना निदान अर्धा तास द्यावा, अशी लेखी सूचना मी त्यांच्याकडे दिली आहे.