आधी दाखला, मग ऑर्डर : विक्रोळीतील महिला बचत गटाची भोजनसेवा

गेल्या महिन्यात माझ्या पुतणीचा साखरपुडा मुलुंडच्या एका छोट्या सभागृहात झाला आणि दीडशे पानांचे जेवण आम्ही विक्रोळी पूर्वेतील एका महिला बचत गटाकडून घेतले. गटाचे नाव मी येथे मुद्दाम लिहीत नाही. हा गट बालविवाहासाठी जेवण करून देत नाही. मागील वर्षी अशा एका लग्नाची ऑर्डर नाकारल्यानंतर त्या घरची माणसे स्वयंपाकघरात येऊन धमकावून गेली होती आणि तेव्हापासून या बायका ओळखीतूनच कामे घेतात.

जेवणाबद्दल आधी लिहिते. गटातील बहुतेक जणी १९७२ च्या दुष्काळानंतर मराठवाड्यातून मुंबईत आलेल्या कुटुंबांतील सुना-लेकी आहेत आणि त्यांच्या हाताला तिकडचीच चव आहे. येसर आमटी मुंबईच्या समारंभांत सहसा मिळत नाही. भाजलेली धान्ये, डाळी आणि मसाले एकत्र दळून केलेल्या येसराचा खमंगपणा या आमटीत पुरेपूर उतरला होता. भरली वांगी देठासकट शिजलेली, तरीही अखंड होती. मसालेभात मोकळा होता आणि पुरणपोळी कडेपर्यंत पुरण गेलेली होती. आमच्या घरातील ज्येष्ठांनी दुसऱ्यांदा आमटी मागून घेतली. मठ्ठा मात्र जेवण अर्धे झाल्यावर आला आणि शेवटच्या पंगतीला पोळ्या गार मिळाल्या. पाच जणींनी दीडशे पाने वाढणे अवघड जाते, तेव्हा गटाने वाढपासाठी आणखी दोघी घ्यायला हव्यात.

परंतु हे सविस्तर लिहावेसे वाटले ते ऑर्डर देताना घडलेल्या प्रसंगामुळे. दर आणि पदार्थ ठरल्यावर गटप्रमुख ताईंनी मुलगा आणि मुलगी या दोघांचे शाळा सोडल्याचे दाखले किंवा जन्माचे दाखले मागितले. पुतणी सव्वीस वर्षांची आणि नोकरी करणारी असल्यामुळे माझ्या भावाला हा अपमान वाटला. त्याने मोबाइलवरचे आधार कार्ड पुढे केले, तेही त्यांनी घेतले नाही. ताई शांतपणे म्हणाल्या, “भाऊ, तुमच्या मुलीचा दाखला बघितला, तरच पुढच्या घरी दाखला मागायला आम्हाला तोंड राहतं.” या एका वाक्यात त्यांच्या कामाची सगळी रीत आहे. संशय आलेल्या घरालाच विचारले, तर ते घर दुखावते आणि भांडण होते. सर्वांनाच विचारले, तर तो केवळ नियम राहतो.

आधारचा आग्रह त्या का मोडून काढतात, हेही त्यांनी सांगितले. काही घरांत लग्न ठरल्यावर कार्डावरची जन्मतारीख बदलून आणली जाते, शाळेच्या रजिस्टरमधली तारीख मात्र सहसा हलत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही एका खटल्यात वय ठरवताना आधारपेक्षा शाळा सोडल्याचा दाखला ग्राह्य धरला होता. २००६ च्या बालविवाह प्रतिबंध कायद्यानुसार मुलीचे वय १८ आणि मुलाचे २१ पूर्ण हवे. बालविवाह लावणाऱ्यास, पार पाडणाऱ्यास किंवा त्यास साहाय्य करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. वधू-वर सज्ञान आहेत असे मानण्यास आपल्यापाशी कारण होते, हे सिद्ध करता आले तरच त्यातून सुटका असते. म्हणजे फाईलमध्ये लावलेली दाखल्याची प्रत मुलीइतकीच आचाऱ्यालाही राखते.

आमचा तर केवळ साखरपुडा होता, आणि या कायद्यात साखरपुड्याविषयी काहीही नाही. गट तरीही विचारतो, कारण सुपारी फुटली की मुलीची शाळा सुटते, हे या बायकांनी स्वतः पाहिले आहे. १८ ऑक्टोबर २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने बालवयातील वाङ्निश्चयावरही बंदी घालण्याचा विचार संसदेने करावा असे सुचवले. या गटाने आपल्या स्वयंपाकघरापुरती ती बंदी आधीच घातलेली आहे.

मी तीस वर्षे शिक्षिका होते. मे महिन्यात गावी गेलेली सातवी-आठवीची मुलगी जूनमध्ये परत आली नाही, की तिची आई नजर चुकवायची, हे मी अनेकदा पाहिले. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार २० ते २४ वयोगटातील स्त्रियांपैकी वयाच्या १८ वर्षांपूर्वी लग्न झालेल्यांचे प्रमाण देशात २३.३ टक्के, महाराष्ट्रात २१.९ टक्के आणि परभणी जिल्ह्यात ४८ टक्के होते. मराठवाड्यातील ऊसतोड कुटुंबांत यामागचे कारण उघड आहे. मजुरांची टोळी नेणारा मुकादम उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो ती जोडीला, आणि नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, म्हणून लग्नाची घाई होते. मागे एकट्या राहणाऱ्या मुलीची काळजी आईबापांना लागते, ती वेगळीच. गटातील एका ताईंचे लग्न असेच २००८ मध्ये, पंधराव्या वर्षी झाले. बालवयात झालेले लग्न सज्ञान झाल्यापासून दोन वर्षांच्या आत न्यायालयात रद्द करून घेता येते, ही गोष्ट त्यांना कळली तेव्हा त्या सत्तावीस वर्षांच्या होत्या. ते सांगताना त्या पुरणाचा गोळा हातात धरून बराच वेळ थांबल्या होत्या.

ऑर्डर नाकारल्याने लग्न थांबत नाही, ही या पद्धतीची मर्यादा आहे आणि ती गटालाही ठाऊक आहे. घरचे लोक दुसरा आचारी शोधतात किंवा मुलीला घेऊन गाव गाठतात. म्हणून दाखला न दाखवणाऱ्या घरी आधी दोघी जणी बोलायला जातात आणि ऐकले नाही, तर १०९८ या बाल हेल्पलाइनवर कळवतात. ही हेल्पलाइन १९९६ मध्ये टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा उपक्रम म्हणून मुंबईतच सुरू झाली होती. दंडाधिकाऱ्यांकडून मनाई हुकूम मिळाला, तर तो मोडून लावलेले लग्न मुळातच अवैध ठरते. लग्न टळल्यावर मुलीला रिकामे बसू देणे गटाला धोक्याचे वाटते, कारण पुढच्या वैशाखात तोच विषय पुन्हा निघतो. नफ्यातील ठरावीक भाग बाजूला काढून अशा मुलींचा दहावीला बाहेरून बसण्याचा सतरा नंबरचा फॉर्म भरला जातो. यंदा दोन मुली त्यातून परीक्षेला बसल्या, आणि त्यांच्याबरोबर गटातील एक ताईही. माझ्या दृष्टीने सेवेतील सर्वांत मोलाचा भाग हाच आहे. येसर आमटी त्यानंतर.

दर बाजारातल्या इतर आचाऱ्यांपेक्षा किंचित जास्त आहेत आणि आगाऊ रक्कम निम्मी द्यावी लागते. हिशेब चोख असतो, उरलेले अन्न डब्यांत भरून परत मिळते. ज्यांना ओळखीतून यांच्यापर्यंत पोहोचता येईल, त्यांनी लग्नसराईत निदान तीन आठवडे आधी जावे आणि दोन्हीकडचे मूळ दाखले पहिल्याच भेटीला सोबत ठेवावेत. मुलाकडच्यांचा दाखला राहिल्यामुळे आम्हाला दुसरी खेप घालावी लागली, आणि त्या वेळी तो घेऊन माझा भाऊ स्वतः गेला.