लिफ्टेड गाडीला फोमचे बंपस्टॉप आणि अॅल्युमिनियमचे स्पेसर : वापरून काय वाटलं

गाडी लिफ्ट करायची, म्हणजे सस्पेन्शन बदलून उंच करायची म्हटलं की स्प्रिंग कुठले, शॉकअप कुठले यावर तासन्‌तास चर्चा होते, पण बंपस्टॉपचं, म्हणजे चाक वर येताना शेवटी त्याला अडवणाऱ्या गुटक्याचं, नाव कोणी काढत नाही आणि मग एखाद्या जोरदार खड्ड्यात शॉकअप आतून पूर्ण बंद होऊन ठोकला जातो, सील जातं आणि तेल गळायला लागतं. म्हणून हा रिव्ह्यू फक्त त्या एवढ्याशा पार्टचा.

माझी गाडी सॉलिड अॅक्सलची (दोन्ही बाजूंची चाकं एकाच आडव्या अॅक्सलने जोडलेली), चारही कोपऱ्यांत कॉईल स्प्रिंग, लिफ्ट 50 मिमी, शॉकअप लांब आणि टायर एक साईज मोठे. लिफ्ट किटमधले बंपस्टॉप कडक पॉलीयुरेथेनचे होते. ते फारसे दबतच नाहीत, अॅक्सल वर आला की सगळा मार सरळ चेसिसवर, दात वाजतात अक्षरशः. ते काढून मायक्रोसेल्युलर फोमचे टाकले आणि खाली स्प्रिंगच्या सीटवर अॅल्युमिनियमच्या चकत्या, म्हणजेच स्पेसर, बोल्टने कसल्या. फरक लगेच कळला. हा फोम सुरुवातीला मऊ दबतो आणि जसजसा दबेल तसतसा कडक होत जातो, उंचीच्या निम्म्याहून जास्त दबतो, त्यामुळे बंपस्टॉपला गाडी कधी टेकली ते नीट लक्ष दिलं तरच समजतं.

आता उंचीचं. दोन इंच लिफ्ट म्हणून दोन इंच स्पेसर हा हिशोब सगळीकडे ऐकू येतो आणि तो चुकीचा आहे! लिफ्टने गाडी उभी किती उंच राहते ते बदलतं, पण चाक वर कुठे थांबवायचं हे शॉकअप बंद झाल्यावर किती लांब राहतो, स्प्रिंगचे वेटोळे कधी एकमेकांना टेकतात आणि टायर कुठे घासतो यावर ठरतं. समजा जुना शॉकअप बंद असताना 340 मिमी होता आणि नवा 375, तर साधारण 35 मिमी वाढवायचे, शॉकअप तिरका असेल तर आकडा थोडा इकडेतिकडे होतो, म्हणून मोजल्याशिवाय काही खरं नाही. स्प्रिंग काढा, शॉकअप जागेवर ठेवा, जॅकने अॅक्सल उचला आणि शॉकअप बंद व्हायला 10-15 मिमी उरले की थांबा, पूर्ण दबलेला बंपस्टॉप तिथे टेकला पाहिजे. एवढ्यावर सोडू नका, एक चाक वर आणि दुसरं खाली करून परत बघा, कारण बऱ्याच गाड्यांत बंपस्टॉप आतल्या बाजूला आणि शॉकअप बाहेर असतो, अॅक्सल तिरका झाला की शॉकअप जास्त दबतो. मग टायर लावून स्टेअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवा. मोठे टायर नेमके इथेच आतल्या लायनरला (चाकाभोवतीच्या प्लॅस्टिकला) लागतात.

घाबरून जास्त उंच स्पेसर लावणारेही भरपूर आहेत. मग वरचा ट्रॅव्हल, म्हणजे चाकाला वर सरकायची जागा, जातो, साध्या रस्त्यावरच गाडी बंपस्टॉपवर आपटत राहते आणि दोष शॉकअपला दिला जातो.

स्पेसर मला आवडले ते 10 आणि 20 मिमीच्या चकत्यांमुळे, हव्या तेवढ्या रचता येतात. पण सोबतचा बोल्ट तीन चकत्यांना आखूड पडतो, हाय टेन्साईल लांब बोल्ट वेगळा घ्यावा लागतो, त्याला थ्रेडलॉक (बोल्ट सैल होऊ न देणारा गोंद) नक्की लावा. सीटला ड्रिल केलेल्या भोकाची कड घासून रंग मारा, चिखल-पाणी तिथेच साचतं.

फोमची कटकट एकच, तो झिजणारा पार्ट आहे. तिरका टेकत असेल तर कडेने फाटतो, म्हणून स्पेसर फोमच्या बरोब्बर खाली येतोय ना ते बघून घ्या. नायट्रोजनवाले हायड्रॉलिक बंपस्टॉप वेगात उड्या मारणाऱ्या गाड्यांसाठी भारीच, पण बहुतेक वेळा ब्रॅकेट वेल्ड करावी लागते, वर सीलची देखभाल, दगडांतून हळू चालवणाऱ्याला त्याची गरज नाही.

बसवून झाल्यावर शॉकअपच्या दांड्याला त्याच्या नळीला टेकून एक झिप टाय बांधा, ढकलल्यावर सरकेल पण आपोआप घसरणार नाही इतपत घट्ट, आणि ट्रेल करून या. टाय दांड्याच्या पार टोकापर्यंत ढकलला गेला असेल तर अजून एक 10 मिमीची चकती टाका.